स्वस्त पेट्रोलची धास्ती

४ मार्च

ती. ताई आणि दाजी यांना टिल्लूचा साष्टांग नमस्कार.

पत्र पंपावरच्या केबिनमधून लिहितोय, हाताला अजून शिडीची धूळ आहे. आज सकाळी सहाला मी स्वतः वर चढून फलकावरचे आकडे बदलले. पेट्रोल लिटरमागे सव्वासहाने उतरलं! या पंपावर मला एकोणतीस वर्षं झाली. भाव चढवायला शिडी चढायची सवय, उतरवायला चढलो तर आकडा दोनदा तपासला. खालून कॅशियर ओरडतोय, "साहेब, आकडा चुकून जुन्या पाकिटातला लावलात की काय?"

तर ताई, तुझं कारण आता संपलं. दोन वर्षं ऐकतोय, "पेट्रोल परवडत नाही रे, उतरलं की येतो." उतरलं. या. गच्चीवरची खोली बांधून दीड वर्ष झालं, खिडकीशी तुझा पलंग आहे, दाजींसाठी हात टेकायची खुर्ची आहे. माझी बायको म्हणते, "ही खोली ताईंसाठी बांधली की कबुतरांसाठी, ते एकदा ठरवा."

दाजी, तुम्हाला आठवतं का, नवी गाडी घेऊन तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात तेव्हा मला पंपावर घेऊन गेला होतात? एक नोट दिलीत. टाकी काठोकाठ भरली, पुढची काच पुसून मिळाली, तिघांचं थंडगार सरबत झालं, आणि वर उरलेली चिल्लर तुम्ही माझ्या खिशात टाकलीत. मग ताईने विचारलं, "आता कुठे?" तुम्ही म्हणालात, "कुठेच नाही." आणि आपण सगळं गाव पालथं घातलं. कुठेही जायचं नसताना गाडीतून जाता येईल इतकं स्वस्त होतं पेट्रोल! मला वाटतं, मी पंपावर नोकरी धरली ती त्या दिवसामुळे.

तारीख कळवा. गादीला ऊन दाखवून ठेवतो.

तुमचा
टिल्लू


११ मार्च

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. नेहमीसारखं ह्यांनीच फोडलं, भिंग घेऊन दोनदा वाचलं आणि मग मला मोठ्याने वाचून दाखवलं. चिल्लरीच्या गोष्टीला हसून हसून ठसका लागला त्यांना.

तुझं वाचून मी जुन्या वह्या काढल्या. लग्नानंतरची पहिली वही अजून धड आहे, फक्त कोपरे उंदराने खाल्लेत. आता एका साबणाच्या वडीला जेवढे पडतात, तेवढ्यात तेव्हा आमच्या दोन खोल्यांचं भाडं भागत होतं, वर दूधवाल्याचंही निघत होतं. हे वाचून शेजारच्या शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "काय ते दिवस होते हो!" मी त्यांना डावीकडचं पान दाखवलं. तिथे ह्यांचा तेव्हाचा पगार लिहिलाय. बाईंनी वहीच मिटली. आपण खर्चाचं पान तेवढं लक्षात ठेवतो रे, जमेचं विसरतो. देवाने तेव्हाही पोटापुरतं दिलं आणि आताही देतो.

यायचं म्हणशील, तर पेट्रोल उतरलं तरी टायर कुठे उतरलेत? गाडीही आता आमच्याइतकीच म्हातारी आहे. माझा गुडघा आठ दिवस धरलाय. शिवाय पाण्याची टाकी गळतेय, तो माणूस कधी उगवेल याचा भरवसा नाही. मे महिन्याचं बघू.

तू शिडीवर स्वतः चढू नकोस. साठी जवळ आली, नातवंडं झाली, टिल्लू म्हणतो म्हणून टिल्लू राहिलास असं नाही.

तुझी
ताई


१९ मार्च

ती. ताईस नमस्कार.

कालपासून आणखी दोनने उतरलंय. पंपावर रांगा आहेत. लोक टाकी भरून घेतात आणि वर कॅनही पुढे करतात. कॅनमध्ये देत नाही म्हटलं की रुसतात. सगळ्यांना कुठेतरी जायचंय. आमच्याकडे मात्र कोणी येत नाही.

ताई, स्पष्ट विचारतो, माझं काही चुकलंय का? टायर, गुडघा, टाकी. एका पत्रात तीन कारणं तू कधी देत नाहीस. तू एकच देतेस आणि त्यावर ठाम राहतेस. मला आठवलं, मागच्या वेळी जेवताना मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "आमची ताई आगपेटीतल्या काड्यासुद्धा मोजते." तू हसलीस, पण नंतर भात घेतला नाहीस. ते मनात असेल तर कान पकडतो. तू काड्या मोजल्यास म्हणून माझ्या परीक्षेची फी भरली गेली, हे मी विसरलेलो नाही. सांगायला मात्र चाळीस वर्षं उशीर झाला.

आणि खर्चाचाच प्रश्न असेल, तर इथून जाता-येता लागेल तेवढ्या पेट्रोलची कुपनं पाठवतो. रागावू नकोस. दाजींना सांग, मेहुण्याने त्या चिल्लरीची परतफेड केली.

टिल्लू


२४ मार्च

चि. टिल्लू,

हे पत्र मी शिवणवाल्या बाईंच्या मशीनवर बसून लिहितेय. बाहेर त्या उभ्या आहेत, कोणी आलं तर खोकणार आहेत. म्हणाल्या, "या वयात चोरून पत्रं? कोण आहे तो?" म्हटलं, "पेट्रोलपंपवाला." खूप हसल्या. मला काही हसू आलं नाही.

आगपेटीचं माझ्या मनातही नाही. भात घेतला नाही कारण संपत आला होता आणि तुझी बायको जेवायची राहिली होती. वेडा आहेस.

खरं कारण सांगते. ह्यांना दिसत नाही नीट. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. मागच्या मे महिन्यात गल्लीच्या तोंडाशी उजवीकडून सायकलवाला आला, तो ह्यांना दिसलाच नाही. तो बिचारा उडी मारून वाचला, गाडी भिंतीला घासली. घरी येऊन म्हणाले, "भिंत पुढे बांधलीय लोकांनी." मी गाडीवरचा चुना पुसून काढला. मग पाण्याचा तांब्या हात लागून पडायला लागला, दाराच्या कडेला खांदा लागायला लागला. डॉक्टर म्हटलं की, "वयाने होतं सगळ्यांना," म्हणून विषय बंद.

त्या दिवसापासून हे गाडी चालवत नाहीत. पण तसं म्हणत नाहीत. लोकांना सांगतात, पेट्रोल परवडत नाही. मीही तेच सांगते. तुलाही तेच लिहिलं. पहिलं वर्ष ते खरंही होतं, दुसऱ्या वर्षी उपयोगी पडलं.

दर रविवारी सकाळी मात्र चावी घेऊन जातात. म्हणतात, "बॅटरी उतरेल, नदीपर्यंत एक चक्कर मारून येतो." गाडी गल्लीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये असते, घरातून दिसत नाही. अर्ध्या तासाने येतात आणि नदीला पाणी किती, पुलावर कोण भेटलं, सगळं सांगतात. पेट्रोलच्या हिशेबासाठी गाडीतला किलोमीटरचा आकडा मी दर रविवारी उतरवून घेते, ही माझी लग्नापासूनची सवय. एकेचाळीस रविवार झाले, आकडा एकसष्ट हजार चारशे ब्याऐंशी. हलत नाही. शेडमध्ये इंजिन सुरू करून नुसते बसतात रे. मी तोच आकडा पुन्हा लिहिते आणि विचारते, "नदीला पाणी किती होतं?"

आणि आता पेट्रोल उतरलं. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी हसून झाल्यावर गाडीची चावी पुसत बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आता टिल्लूकडे जायलाच हवं. लोक काय म्हणतील, पेट्रोल स्वस्त आहे तरी गाडी उभी." टायरमध्ये हवा भरून घेतली, गॅरेजवाल्याला बोलावून टाकी भरून घेतली. रोज नकाशा काढून बसतात. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी निघायचं म्हणतात. पाच तासांचा रस्ता, मोठमोठे ट्रक. देवासमोर बसते तर प्रार्थनेत मध्येच ट्रक येतो.

मी नको म्हटलं तर त्यांना कळेल की मला ठाऊक आहे. मग ते रविवारचे नदीवरही जाणार नाहीत. एवढंच त्यांच्याकडे उरलंय.

म्हणून तुझ्याकडे मागते. पेट्रोलचा भाव आता पत्रात लिहू नकोस. त्यांच्या नावाने एक पत्र पाठव की तुमच्याकडचा रस्ता खोदलाय, पाहुणे आलेत, काहीही. आयुष्यात कोणाला खोटं लिहायला सांगितलं नाही. देवाची माफी मी मागेन, तू फक्त लिही. फोन करू नकोस, फोनशेजारी हेच बसतात. मला उत्तर पाठवशील ते शिवणवाल्या बाईंच्या पत्त्यावर. खाली लिहिलाय. विसरू नकोस.

ताई


२९ मार्च

ताई,

तुझं पत्र केबिनचं दार लावून वाचलं. बाहेर दोघं हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले.

रस्ता खोदलाय असं मी लिहिणार नाही. खोदलेला रस्ता महिन्याने बुजतो, मग काय लिहू? आणि दाजी म्हणतात तसं हे नुसतं वयाने होत नाही. आमच्या टँकरच्या ड्रायव्हरला अगदी हेच झालं होतं. समोरचं स्वच्छ, कडेचं गायब. डोळ्यांच्या आतला दाब वाढतो म्हणे. जेवढं गेलं तेवढं परत येत नाही, पण उरलेलं औषधाने राखता येतं. ताई, उशीर केला तर राखायलाही काही उरणार नाही. आमच्या गावात डोळ्यांच्या चांगल्या डॉक्टर आहेत. ड्रायव्हरला घेऊन मीच गेलो होतो.

तू त्यांचा मान जपतेयस, ते कळतंय. पण मान जपताना नजर जातेय. या दोन्हींतलं एकच वाचवता येत असेल, तर दाजी काय वाचवायला सांगतील? तू त्यांना विचारलंच नाहीस.

दुसऱ्या शनिवारच्या आत मी येतो. कसं बोलायचं ते तू मला सांग. तुझ्या पद्धतीने बोलू, पण बोलू.

टिल्लू


३ एप्रिल

चि. टिल्लू यास दाजींचा आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. ओळ वर गेली की मला कळत नाही.

तुझं एकोणतीस तारखेचं पत्र ताईच्या नावाने होतं आणि पत्ता आमचाच होता. तीस वर्षं एकच पत्ता लिहिलेला हात तुझा, दुसरा कसा लिहील? या घरातली पत्रं मी फोडतो, तसं तेही फोडलं. पहिल्या ओळीला कळलं की हे माझ्यासाठी नाही. तरी शेवटपर्यंत वाचलं. ही चोरी झाली, पण चोरीचा माल माझ्याबद्दलच होता.

पाकीट पुन्हा खळीने चिकटवलं आणि शिवणवाल्या बाईंकडे नेऊन दिलं; माझ्या नकळत ताई पत्र लिहिणार ती त्यांच्याकडेच बसून, एवढं मला अजून दिसतं. म्हटलं, "पोस्टमनची चूक झालेली दिसते." पाकिटावर माझंच घर लिहिलेलं त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "हो, अलीकडे फार चुका करतो तो." बाई शहाण्या आहेत. ताईला पत्र पोचलं आहे. मी वाचलंय हे तिला माहीत नाही.

आता माझं ऐक. तिला वाटतं, तिला कळलंय हे मला ठाऊक नाही. अरे, ती वही मी रोज वाचतो. ती दुपारी प्रार्थनेला बसली की काढतो. दुसरं वाचायला काय आहे मला? तिचं अक्षर टपोरं आहे, भिंगातून एकेक शब्द सापडतो. एकसष्ट हजार चारशे ब्याऐंशी. खाली पुन्हा तेच. खाली पुन्हा तेच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वही होती तिथे ठेवली. म्हटलं, आज विचारणार. तिने विचारलं, "नदीला पाणी किती होतं?" मी म्हणालो, "कमी झालंय." तिने मान डोलावली आणि पोळी वाढली. त्यानंतर मी तिला नदीच सांगत आलो. कधी पूर आणला, कधी होड्या आणल्या. एकदा तर पुलावर माझा शाळेतला मित्र भेटवला. तो वारून सहा वर्षं झाली, हे तिला चांगलं माहीत आहे. तरी म्हणाली, "बरा आहे ना?"

अशा बाईला मी कोणत्या तोंडाने सांगू?

आणि ही जायची तयारी. हवा, टाकी, नकाशा. मी ते मुद्दाम मोठ्याने करत होतो रे. वाटत होतं, ही आता म्हणेल, "पुरे, तुम्हाला दिसत नाही, चावी द्या इकडे." म्हणजे मी सुटलो. पण ती म्हणते, "शिदोरी किती घेऊ?" मला खरी भीती कसली वाटतेय सांगू? तिने शनिवारपर्यंत नको म्हटलं नसतं, तर मी गाडी काढली असती. तिला शेजारी बसवून. हट्टाने.

पूर्वी पेट्रोल स्वस्त होतं तेव्हा घाटाच्या उतारावर मी इंजिन बंद करायचो, आठवतं? एवढं स्वस्त असून तीन थेंब वाचवायला ती सांगायची आणि मी ऐकायचो. तिने सांगितलेलं मी ऐकतो, टिल्लू. फक्त तिने सांगायला हवं होतं. आणि मीही.

तर तू शुक्रवारी बसने ये. ताईला काही लिहू नकोस, ती तुझी वाट बघतेच आहे. शनिवारी आमचीच गाडी काढू, तू चालव. मी शेजारी बसेन आणि तुझं चालवणं कसं वाईट आहे ते पाच तास सांगेन, तेवढं सहन कर. तिथे त्या डॉक्टरीणबाईंकडे ने. चावी मी स्वतः तुझ्या हातात देईन, तिच्यासमोर. काय बोलायचं ते मी बघतो. तू मध्ये बोलू नकोस. गहिवरून वगैरे तर मुळीच येऊ नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे.

दाजी


१७ मे

चि. टिल्लूस आणि घरातल्या सगळ्यांस अनेक आशीर्वाद.

गॅरेजवाल्याने तुमच्याकडून गाडी आणि आम्हा दोघांना सुखरूप घरी आणून सोडलं. गाडी त्यानेच घेतली. ह्यांनी जास्त घासाघीस केली नाही, मीच केली. त्याने किंमत चढवावी म्हणून मी दारात उभी राहिले, तर तो म्हणाला, "आजी, पेट्रोल स्वस्त झालं म्हणून गाडी महाग होत नाही." बघू म्हटलं, आणि थोडी चढवलीच.

तुझ्याकडचे तेवीस दिवस कसे गेले कळलं नाही. गच्चीवरची खोली फार छान आहे. कबुतरांना तिथे येऊ देऊ नकोस, आम्ही पुन्हा येणार आहोत. तुझ्या बायकोला सांग, मला एवढ्या चादरी लागत नाहीत.

त्या शुक्रवारी तू बाहेरच्या खोलीत नाक शिंकरत होतास ते मला ऐकू येत होतं. ह्यांनी चावी तुझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मी वर्षभर शेडमध्ये बसून येतो, हे हिला माहीत आहे. हिला माहीत आहे हे मला माहीत आहे. आता तुलाही माहीत झालं. चहा टाक गं." मी चहा टाकायला आत गेले आणि साखर घातलीच नाही. तिघांनी तो तसाच प्यायला, आता आठवून हसू येतं.

तिथे डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून?" तेव्हा हे माझ्याकडे बघत होते आणि मी ह्यांच्याकडे. उजव्या डोळ्याचं बरंच गेलंय. डावा राखता येईल म्हणाल्या. "वर्षभर आधी आला असतात तर," एवढं बोलून थांबल्या, ते बरं केलं. ते वाक्य मी रोज एकटीने पुरं करते. पण देवाने डावा ठेवला, तेवढ्याबद्दल हात जोडते. देवावर रागावू कशाला, तो एकटाच थोडा चुकला होता? आम्ही दोघंही चुकलो, एकमेकांना जपता जपता.

काल समोरच्या घड्याळजीने विचारलं, "काय हो, पेट्रोल एवढं उतरलं आणि गाडी विकली?" हे म्हणाले, "मला कडेचं दिसत नाही हो. चालवणं बरं नाही." इतक्या सरळ आवाजात, जसं काही दूध नासलंय म्हणून सांगावं. घड्याळजीच गडबडला. मी दारामागे होते. पदर तोंडाला लावला.

आता सकाळ-संध्याकाळ औषध घालायचं माझ्याकडे आहे. हे खाटेवर आडवे होतात, डोकं माझ्या मांडीवर. पहिले चार दिवस नेम चुकायचा, थेंब गालावर जायचा. हे म्हणायचे, "एवढं महागाचं औषध, गालाला कशाला पाजतेस?" आता नीट पडतो. थेंब पडला की डोळे मिटून, कोपऱ्यावर बोट धरून दोन मिनिटं पडून राहायचं असतं. मला घड्याळ बघता येत नाही, हात अडकलेला असतो. म्हणून मी माझी प्रार्थना म्हणते. ती बरोबर दोन मिनिटांची आहे, घड्याळजीकडून पडताळून घेतलंय.

चाळीस वर्षं हे माझ्या प्रार्थनेला कंटाळायचे. "देवाला एकदा सांगितलं की ऐकू येतं," म्हणायचे. आज संध्याकाळी प्रार्थना संपली, मी बोट काढलं, म्हटलं, "झालं, उठा." हे डोळे मिटूनच म्हणाले, "आज भरभर म्हटलीस. पहिल्यापासून म्हण."

म्हटली.

तुझी
ताई